लातूर, तेर, तुळजापूर, औसा: मित्रांसोबत दोन दिवसांची सायकल सफर

शनिवारी पहाटे लातूर सोडायचं. मुरूड, ढोकी, तेर, धाराशिव करत संध्याकाळी तुळजापूरला मुक्काम. रविवारी उजनी, औसा करत दुपार कलायच्या आत परत लातूर. पहिल्या दिवशी साधारण १०० ते ११० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी ७५ ते ८०. आठवड्याला दोन-तीनदा सायकल चालवणाऱ्या आणि दीड-दोन महिने तयारी करायची इच्छा असलेल्या कुणालाही हे जमतं. त्यासाठी महागडी सायकल लागत नाही. गिअरची साधी हायब्रिड किंवा एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) चालते.

आखणी करताना किलोमीटर पाहण्याआधी उजेडाचे तास पाहा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. हातात अकरा तास येतात. सामान लादलेल्या सायकलीवर गटाचा वेग ताशी १५-१६ धरा, त्याहून जास्त धरू नका. १०५ किलोमीटरला सात तास नुसते पायडल मारण्यात जातात. नाश्ता, चहा, जेवण, एखाद-दुसरं पंक्चर, तेरला दीड तास, असे आणखी साडेतीन तास सहज जातात. म्हणजे अकरा तासांतले साडेदहा संपले. म्हणून शनिवारी सहाला, अंधार असतानाच, दिवे लावून निघायचं. जो गट ‘सातला भेटू’ म्हणतो तो आठला निघतो आणि शेवटचे वीस किलोमीटर हायवेवर अंधारात काढतो. बाकी सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती फिरतं.

महिना कोणता निवडावा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबर सुंदर असतो, पण परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. काळ्या मातीचा रस्ता एकदा भिजला की चिखल टायर आणि मडगार्डमध्ये असा गच्च बसतो की चाक फिरायचं थांबतं. काडीने चिखल काढायचा आणि चार पावलांवर पुन्हा तेच. नवरात्रात आणि कोजागिरीच्या आसपास तुळजापूरकडे येणारे सगळे रस्ते पायी चालणाऱ्या भाविकांनी भरलेले असतात. तेव्हा खोलीही मिळत नाही आणि सायकलीला वाटही नाही. मार्चनंतर ऊन सोसवत नाही.

हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहतो. लातूरहून धाराशिवकडे जाताना तो पाठीशी असतो, तुळजापूरहून औशाकडे येताना तोंडावर. म्हणून लांबचा टप्पा पहिल्या दिवशी आणि आखूड दुसऱ्या दिवशी. कुणी हा फेरा उलटा करू म्हणालं तर नको म्हणा. दमलेले पाय आणि समोरचा वारा घेऊन शंभर किलोमीटर काढताना माणूस सोबत्यांवर चिडायला लागतो.

सोबत कोण

चार ते सहा जण. दोघांत एकाचं काही दुखलं तर दुसरा अडकून पडतो, आणि आठाच्या वर माणसं गेली की नुसता चहा मागवायलाच अर्धा तास जातो.

गटाचा वेग सगळ्यात हळू चालवणारा ठरवतो, हे निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून घ्या. पुढे रस्ता माहीत असलेला माणूस ठेवा, सगळ्यात दणकट नको. दणकट माणसाची जागा शेवटी. त्याच्याकडे पंप, पाने, पंक्चरचं सामान आणि औषधांची पिशवी द्यायची. त्याच्या मागे कुणीच राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं आणि शेवटच्या गड्याचा चेहरा दिसल्याशिवाय वळायचं नाही. मोबाइलवर लोकेशन शेअर करून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मधे मधे नेटवर्क जातं.

थकलेल्या माणसाला ‘थोडंच राहिलंय’ असं खोटं सांगू नका. खरा आकडा सांगा आणि पुढचा थांबा कुठे ते सांगा. बारा किलोमीटरवर चहा आहे हे कळलं की माणूस बारा किलोमीटर काढतो.

सहा आठवड्यांची तयारी

पहिले दोन आठवडे लातूर ते औसा आणि परत, म्हणजे साधारण ४० किलोमीटर, दर रविवारी. मधल्या दिवशी एकदा तासभर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ६०. पाचव्या आठवड्यात खरोसा लेण्यांपर्यंत जाऊन या. जाऊन-येऊन ८० ते ९० होतात, चढउतारही आहेत आणि लेणी पाहण्यासारखी आहेत. ही फेरी पाठीमागे सामान बांधूनच करा. मोकळी सायकल आणि पाच किलो लादलेली सायकल वळणावर आणि ब्रेकला अगदी वेगळी वागते. सहाव्या आठवड्यात फक्त हलकं चालवा, पाय ताजे राहू द्या.

सीटची उंची याच काळात बसवून घ्या. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते, जास्त वर असेल तर कंबर डावी-उजवी हलते आणि पन्नास किलोमीटरनंतर बसवत नाही. पॅड असलेली शॉर्ट घ्या. ती अंतर्वस्त्र न घालता वापरायची आणि घासतं तिथे व्हॅसलीन लावायचं. लाजेपोटी हे कुणी सांगत नाही, आणि बहुतेकांची सफर पायांपेक्षा बुडाच्या घासण्यानेच बिघडते.

सायकल आणि सामान

निघायच्या आठवडाभर आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नको. दुकानातून आणल्यावर वीसेक किलोमीटर चालवल्याशिवाय नवीन केबल ताणते का, ब्रेक घासतो का, हे कळत नाही. ब्रेक पॅड, चेन, चाकाच्या सगळ्या तारा ताठ आहेत का, हे स्वतः तपासा. चेनला सायकलचंच ऑइल घाला. गाडीचं इंजिन ऑइल धूळ ओढून घेतं आणि इथल्या धुळीत दोन दिवसांत चेन काळी पेस्ट होते.

सामान पाठीवर घेऊ नका. मागे कॅरिअर बसवून त्यावर पिशवी बांधा. पाठीवरच्या सॅकमुळे घाम, खांदेदुखी आणि बुडावर जास्त भार, तिन्ही येतात. कपड्यांचा एक जोड, पातळ पायजमा, पहाटेसाठी जॅकेट, पातळ टॉवेल, चार्जर, पॉवर बँक, ओआरएसच्या पुड्या, सनस्क्रीन, सुटे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं, तरी दहा-वीसच्या नोटा जवळ असाव्यात. हेल्मेट प्रत्येकाला. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

दुरुस्तीचं सामान: प्रत्येकाच्या दोन सुट्या ट्यूब. गटात मिळून दोन पंप, टायर लिव्हर, पंक्चर किट, ॲलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार आणि जोडायची कडी, ब्रेकची एक केबल, थोडे झिप टाय. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी ॲडॅप्टर नक्की ठेवा. गावातल्या पंक्चरच्या दुकानातला पंप त्याला बसत नाही. हायब्रिडच्या ३५ मिलिमीटर रुंद टायरला ६० ते ७० पीएसआय हवा पुरते. टायरच्या बाजूला छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका.

सराटे आणि पंक्चर

मराठवाड्यात पंक्चर होणारच, असं धरून चाला. बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा लांब असतो, आत गेला की लगेच कळतं. खरा त्रास सराट्याचा. हरभऱ्याएवढं फळ, पण जमिनीवर कसंही पडलं तरी एक काटा वरच राहतो. रस्त्याच्या कडेच्या गवतात त्याचे वेल पसरलेले असतात. फोटोसाठी, लघवीसाठी, चहाच्या टपरीजवळ सायकल डांबरावरून खाली घेतली की चार-पाच सराटे एकदम चिकटतात. म्हणून खाली उतरायचं तर सायकल उचलून न्या आणि परत डांबरावर ठेवताना दोन्ही टायरवरून हात फिरवा. टायर आणि ट्यूबच्या मधे लायनरची पट्टी घातली तर निम्मा त्रास वाचतो. ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोक आपोआप बुजवणारा द्रव) घातलं तर त्याहूनही बरं.

हवा गेली तर घाई करू नका. चाक काढायच्या आधी टायर हळूहळू फिरवून काटा कुठे दिसतो का बघा आणि तिथे पेनने खूण करा. मग टायरची एक बाजू लिव्हरने सोडवा, ट्यूब ओढून घ्या, थोडी हवा भरा आणि गालाजवळ फिरवा. बोटांपेक्षा गालाला हवेची झुळूक लवकर कळते. भोक सापडलं की ट्यूब टायरच्या शेजारी धरून आतला काटा शोधा. टायरच्या आतून फडकं फिरवा, उघडं बोट नको. काटा असेल तिथे फडकं अडकतं. एक सापडला म्हणून थांबू नका, पूर्ण फेरी करा. सराटा एकटा कधी येत नाही. भोकाभोवतीची जागा घासून खरखरीत करा, सोल्युशन पातळ लावा आणि त्याची चमक जाईपर्यंत थांबा. इथेच सगळे चुकतात. ओल्या सोल्युशनवर पॅच दाबला की दहा किलोमीटरवर तो निघतो. रस्त्यात असताना सरळ नवी ट्यूब घाला आणि जुनीला पॅच रात्री खोलीवर लावा.

शनिवार: लातूर ते तेर

घरून केळं आणि चहा घेऊन निघा, पोटभर खाऊ नका. मुरूडला खरा नाश्ता: पोहे किंवा सुशीला. सुशीला चुरमुऱ्यांचा, हलका आणि लगेच ताकद देणारा. दोन बश्या खाल्ल्या तरी जड होत नाही. तेलकट भजी मात्र धाराशिव गाठेपर्यंत टाळा.

मुरूड ते ढोकी हा उसाचा पट्टा. ढोकीला तेरणा साखर कारखाना आहे आणि गाळपाच्या दिवसांत या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात. त्यांना बहुतेकदा मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. ट्रॉलीचं मागचं टोक डावी-उजवीकडे झोके घेतं आणि ऊस दोन्ही बाजूंना हात-दीड हात बाहेर आलेला असतो. ड्रायव्हरने टेपवर गाणी लावलेली असतात, तुमची घंटी त्याला ऐकू जात नाही. तो मागून आला तर डांबराच्या कडेला येऊन थांबा आणि दुसरी ट्रॉलीही पूर्ण जाऊ द्या. पहिली गेली म्हणून लगेच आत येणाऱ्याला दुसरी ट्रॉली घासते. पुढे ट्रॅक्टर असेल तर समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसल्याशिवाय ओलांडू नका, आणि फुकट ओढ मिळते म्हणून ट्रॉली धरून चालण्याचा विचारही करू नका. ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या पहाटे अंधारात निघतात. बैल दिव्याच्या लखलखाटाने बुजतात, समोर बैलगाडी दिसली की दिवा खाली वळवा.

ढोकीहून तेरला वळा. सरळ येडशीवरून धाराशिव गाठता येतं, पण तेर चुकवणं मला पटत नाही. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात इथल्या व्यापाराचा उल्लेख आहे. इथून माल बैलगाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा. इथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर मूळचं बौद्ध चैत्य मानलं जातं. मागून पाहिलं की त्याची गोल पाठ दिसते. संत गोरोबाकाकांची समाधी नदीकाठी आहे. लामतुरे संग्रहालयात इथे सापडलेल्या वस्तू ठेवल्या आहेत: मातीच्या मूर्ती, मणी, हस्तिदंती काम. दीड तास इथे द्या. जेवणही इथेच करा: भाकरी, पिठलं, ठेचा, सोबत ताक. अर्ध्या पोटी उठा. पुढे धाराशिवपर्यंत चढउतार आहेत आणि दुपारचं ऊन आहे.

पाणी आणि खाणं

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहान लागायची वाट न बघता. दिवसभरात दोन लिटर तरी ओआरएसचं. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, कमी पाण्यात घट्ट करू नका. दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाका: केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, गूळ-शेंगदाणे. बोअरचं पाणी जड असतं, सवय नसलेल्याचं पोट बिघडतं. हॉटेलमधून जारचं पाणी भरून घ्या.

पाणी मागताना एक लक्षात ठेवा. याच लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इथे दारात आलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत, स्वतःच्या घागरीतलं देतात. म्हणून बाटली भरा, प्या, पण त्या पाण्याने तोंड-पाय धुऊ नका, सायकल तर अजिबात धुऊ नका.

गावातून जाताना

पारावर चार माणसं बसलेली असली की हात वर करून ‘राम राम’ म्हणा. थांबलात तर प्रश्न ठरलेले असतात.

‘कुठून आलाव?’

‘लातूरहून, काका.’

‘आन् सायकलीवर कशापाई? यष्टी हाय की.’

या प्रश्नाला नीट उत्तर द्या, हसून टाळू नका. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. पाच मिनिटं बोललात की पुढचा रस्ता कुठे उखडलाय, कोणता पूल बंद आहे, चहा कुठे चांगला, सगळं कळतं. नकाशात नसलेली ही माहिती असते.

जानेवारीत ज्वारी हुरड्यावर येते. रस्त्याकडेला आगटी पेटलेली दिसली आणि कुणी हाक मारली तर जा. गरम कणसं तळहातावर चोळून गुळभेंडीचा हुरडा पुढ्यात येतो, सोबत शेंगदाण्याची चटणी. पैसे पुढे केले तर माणसं दुखावतात. त्याऐवजी बोरं, भाजी असं काही ते विकत असतील तर तेवढं घ्या. बायकांचे, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. न विचारता शेतात सायकल घालू नका.

कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका. थांबा, उतरा, सायकल मधे धरा आणि चालत पुढे जा. वेशीच्या बाहेर ती सोडून देतात. मेंढरांच्या कळपाजवळची कुत्री जास्त कडक असतात, तिथे धनगराला आधीच हाक द्या.

गटात बायका असतील तर शौचालयाचे थांबे आधीच ठरवा. हायवेवरचे पेट्रोल पंप आणि तालुक्याच्या गावातली बरी हॉटेलं, एवढेच भरवशाचे. तेर ते धाराशिव मधे फार पर्याय नाहीत.

धाराशिव ते तुळजापूर

धाराशिवला चारच्या आत पोहोचायचं. साडेचार वाजून गेले असतील तर तिथेच मुक्काम करा, उरलेलं अंतर रविवारी पहाटे काढा. हा निर्णय घेताना ओशाळू नका. पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर सोलापूर-धुळे महामार्गाचे आहेत आणि संध्याकाळी त्यावर ट्रक जोरात असतात. कडेच्या पट्टीतूनच चालवा, एकामागे एक, बोलत बोलत शेजारी-शेजारी अजिबात नाही. पट्टीत उलट्या बाजूने दुचाकी येतात, नजर पुढे ठेवा. धाराशिव लेणी शहरापासून थोडी बाजूला आहेत. या सफरीत ती बसवू नका, वेळ पुरत नाही.

तुळजापूरला शनिवारची खोली आधी फोन करून ठरवा. रविवार, मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी जास्त. खोली तळमजल्यावर मागा आणि सायकली आत ठेवू देणार का, हे फोनवरच विचारा. दर्शन शनिवारी रात्रीच उरकून घ्या, रविवारी सकाळी रांगेत दोन-तीन तास गेले तर दिवसाचं गणित कोसळतं. सायकलच्या तंग शॉर्टवर देवळात जाऊ नका, पायजमा त्यासाठीच घेतलाय. रात्री पोटभर भात-वरण खा, मांड्या-पोटऱ्या दहा मिनिटं ताणा, नऊला झोपा.

रविवार: तुळजापूर ते लातूर

साडेसहाला निघा. तुळजापूर-औसा रस्ता आता नागपूरकडे जाणारा चौपदरी महामार्ग आहे, डांबर गुळगुळीत आहे, पण सावली नाही आणि वारा समोर. एकामागे एक चाला आणि पुढचा माणूस दर दोन-तीन किलोमीटरला बदला. पुढचा वारा फोडतो, मागच्यांची बरीच ताकद वाचते. गावं आली की सर्व्हिस रोड घ्या.

मधे उजनी लागतं, बासुंदीसाठी प्रसिद्ध. थांबा आणि खा, पण एक वाटी. दोन खाल्ल्या की पुढचा तास डोळे मिटायला लागतात. घरच्यांसाठी पार्सल घ्यायचं असेल तर औशात उन्हात थांबू नका, थेट लातूर गाठा. औशाचा भुईकोट बघण्यासारखा आहे, पण उन्हाआधी घरी पोहोचणं मी पसंत करतो. किल्ला तयारीच्या रविवारी बघून घ्या.

औसा ते लातूर शेवटचे वीस किलोमीटर. घर जवळ आलं की गट फुटतो, दणकट पुढे पळतात. इथेच रहदारी वाढलेली असते आणि लक्ष उडालेलं असतं. लातूरच्या वेशीपर्यंत शेवटचा गडी शेवटीच राहू द्या.

मधेच सोडावं लागलं तर

गुडघा दुखायला लागला, ताप आला, उलट्या झाल्या, तर ताणू नका. धाराशिवला रेल्वे आहे. मुरूड, ढोकी, औसा, कुठेही छोटा हत्ती किंवा पिकअप भाड्याने मिळतो, दोन-तीन सायकली सहज मावतात. भाडं आधी ठरवा. त्या माणसासोबत एकाने जायचं, एकट्याला पाठवू नका. अपघातात ११२, रुग्णवाहिकेला १०८, महामार्गावर १०३३.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना लातूर एक्सप्रेस सोयीची. सायकल ब्रेक व्हॅनमध्ये बुक होते, त्यासाठी गाडीच्या वेळेच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसला जा. सायकलीवर नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी चिकटवा, सुटणाऱ्या वस्तू काढून घ्या.

जोडून तिसरी सुट्टी आली तर तुळजापूरहून नळदुर्गला जा, एकच बाजू ३५ किलोमीटरच्या आसपास. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल केलाय, आदिलशाही काळातलं काम. पाणी भरपूर असेल तर नर-मादी धबधबे वाहतात. पण परत येताना तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यानेच या. पुणे-हैदराबाद महामार्गाने उमरग्याकडून फिरून येण्याचा मोह सायकलीवर नको, त्यावरची अवजड वाहतूक फार आहे.

घरी आल्यावर त्याच दिवशी चेन फडक्याने पुसून ऑइल घाला आणि टायरमधले काटे काढा. सोमवारी सुट्टी घेतली नसेल तरी सकाळी अर्धा तास अगदी हलकी सायकल चालवा, पाय मोकळे होतात.